मोसंबीचा मुलाहिजा

पुण्यात कोणी आजारी पडले की त्यास भेटावयास जाणाऱ्याच्या पिशवीत मोसंबी असावयाची, हा दस्तुर इतका मुरलेला आहे की तो कोणत्या वैद्याने घालून दिला याचा तपास करण्याची गरज कोणासही वाटलेली नाही. १८८६ साली उभ्या राहिलेल्या मंडईतून म्हणा, की इस्पितळाच्या फाटकाबाहेरील हातगाडीवरून म्हणा, घाईघाईने घेतलेली ती अर्धा डझन फळे खाटेशेजारी ठेवली म्हणजे पाहुण्याचे कर्तव्य संपते आणि घरच्या माणसांचे सुरू होते. कारण चार दिवसांत चार पिशव्या साचल्या की त्या संपवावयाच्या कशा असा पेच पडतो, आणि मग सकाळ-संध्याकाळ पेला पुढे करून ‘घ्या, शक्ती येते’ अशी ताकीद रुग्णास मिळू लागते. ही शक्ती कोणत्या जातीची आणि तिचा अतिरेक झाला म्हणजे काय होते, याची थोडी चौकशी करावयास हरकत नाही.

या रसाकडे एकदा सबंध देशाचे लक्ष लागून राहिले होते, आणि तेही पुण्यातच. नगर रस्त्यावरील आगाखान राजवाड्यात नजरकैदेत असलेल्या गांधीजींनी २९ जानेवारी १९४३ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांस लिहिलेल्या पत्रात एकवीस दिवसांच्या उपोषणाचा मनोदय कळविला, आणि त्यातच असाही खुलासा केला की, एरवी आपण उपोषणात क्षार घातलेले पाणी घेतो, परंतु अलीकडे शरीर पाणीच स्वीकारीत नसल्यामुळे या वेळी ते पिण्याजोगे व्हावे म्हणून त्यात लिंबूवर्गीय फळांचा रस मिसळणार आहोत. १० फेब्रुवारीस उपोषण सुरू झाले. दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस त्र्याहत्तर वर्षांच्या त्या देहाची अवस्था चिंताजनक झाली, मळमळीमुळे पाण्याचा घोटही उतरेना, आणि तेव्हा पाण्यात मोसंबीचा रस घातल्यावर ते पोटात ठरू लागले. ३ मार्चला उपोषण सुटले तेही संत्र्याच्या रसानेच, जसे १९३२ च्या सप्टेंबरात येरवड्याच्या तुरुंगात पुणे करारानंतर सुटले होते. राजकारणाचा भाग इतिहासकारांकडे सोपवून आपण आपल्या विषयापुरते एवढेच टिपून ठेवावे, की रस घेण्याचा हेतू त्या पत्रात पोषण असा सांगितलेला नाही, औषध असाही नाही. पाणी घशाखाली उतरावे, एवढाच तो होता. शंभर मिलिलिटर रसातून जेमतेम चाळीस-पंचेचाळीस उष्मांक मिळतात. मात्र आंबटपणाने लाळ सुटते, ज्वराने बेचव झालेल्या तोंडास थोडी रुची येते, आणि पाण्याबरोबर काही शर्करा व पोटॅशियम शरीरास मिळते. आजाऱ्यास मोसंबी नेणारा पुणेकर तेव्हा अगदीच भाबडा नव्हे. त्याची चूक असलीच तर ‘शक्ती’ या शब्दात आहे.

या फळांचे कुटुंब आपल्याकडे मोठे. नागपूरचे संत्रे, जालन्याची मोसंबी, रोजच्या स्वयंपाकातील कागदी लिंबू, कोकण-गोव्यात तोरंजन म्हणून गणपतीवरील माटोळीत टांगले जाणारे पपनस, आणि कोल्हापूरच्या अंबाबाईने हाती धरलेले म्हाळुंग, ही सारी एकाच गोत्राची. देवीच्या हातापासून दुकानाच्या चौकटीवरील लिंबू-मिरचीपर्यंत ज्याचा संचार, त्या गोत्राविषयी लोकांच्या मनात आदराबरोबरच थोडी गूढ श्रद्धाही असावी यात नवल नाही.

श्रद्धेस शास्त्राचा आधार मिळाला तो समुद्रावर. महिनोन्महिने ताज्या अन्नावाचून राहणाऱ्या खलाशांच्या हिरड्या सुजत, त्यांतून रक्त वाहे, जुन्या जखमा पुन्हा उघडत, आणि माणसे मरत. १७४७ साली ‘सॅलिसबरी’ या इंग्रजी जहाजावरील शल्यवैद्य जेम्स लिंड याने अशा बारा रुग्णांच्या सहा जोड्या करून प्रत्येकीस निराळा उपाय दिला, आणि ज्या दोघांस रोज दोन संत्री व एक लिंबू मिळाले ते सर्वांआधी बरे झाले. तरीही इंग्रजी आरमाराने लिंबाचा रस सर्रास देण्याचा हुकूम काढावयास १७९५ साल उजाडावे लागले. दप्तरदिरंगाई केवळ आपल्याकडचीच असे मानण्याचे कारण नाही. तो रोग स्कर्व्ही, आणि त्यास हटविणारे द्रव्य म्हणजे क जीवनसत्त्व. बहुतेक सस्तन प्राणी ते स्वतःच्या शरीरात तयार करतात. मनुष्य, वानर, गिनीपिग आणि काही वटवाघळे यांना मात्र ते बाहेरूनच मिळवावे लागते.

परंतु हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढ पुरुषास दिवसाकाठी ८० आणि स्त्रीस ६५ मिलिग्रॅम एवढे क जीवनसत्त्व पुरते, आणि शंभर ग्रॅम संत्र्यात ते पन्नासच्या आसपास असते. म्हणजे दोन संत्र्यांत दिवसाची तजवीज झाली. (पेरूत ते याच्या कितीतरी पट असते, आणि आवळ्यात त्याहून अधिक, परंतु इस्पितळात पेरू घेऊन जाणारा पाहुणा अजून आमच्या पाहण्यात नाही.) शरीराचा खजिना मर्यादित आहे. आवक वाढली की आतडी कमी प्रमाणात शोषतात, आणि जे अधिक शोषले जाईल ते मूत्रपिंड मूत्रावाटे रवाना करतात. प्रौढासाठी दिवसाला दोन हजार मिलिग्रॅम ही वरची हद्द मानतात. ती ओलांडली की जुलाब, पोटात मुरडा अशा तक्रारी सुरू होतात. फळे खाऊन तेथवर जावयाचे तर रोज चाळीसेक संत्री सोलावी लागतील. गोळ्या घेणाऱ्यास मात्र ते दोन घोट पाण्यात साधते.

सर्दीचे म्हणाल तर येथे दोन पक्ष परस्परांच्या उलट टोकांस उभे आहेत. आमच्या आजीच्या मते संत्र्याने सर्दी होते. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी १९७० साली पुस्तक लिहून प्रतिपादिले की क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने ती टळते. पुढे झालेल्या अनेक चाचण्यांचा एकत्र विचार करता सामान्य माणसास नित्य मात्रेने सर्दी कमी वेळा होते असे दिसले नाही. झालेली सर्दी किंचित लवकर, म्हणजे प्रौढांत सरासरी आठ टक्के कमी काळात, आटोपते एवढेच. आजी आणि पॉलिंग, दोघांचाही दावा तेव्हा बहुतांशी खारीज.

खरा प्रश्न फळाचा नसून रसाचा आहे, असे मला वाटते. मोसंबी सोलावी, पांढरी साल व शिरा काढाव्यात, एकेक फोड चघळावी, बिया थुंकाव्यात, या साऱ्या खटाटोपात एक-दीड फळ होईतो माणसाचे हात चिकट होतात आणि मन भरते. खाण्याची हद्द निसर्गाने तेथे स्वतःच आखून ठेवलेली आहे. रस काढला की ती हद्द पुसली जाते. तीन-चार मोसंब्यांचा पेला दोन मिनिटांत संपतो, चोथा गाळणीत राहतो, आणि चारेक चमचे साखर तंतूंच्या आडकाठीवाचून रक्तात पोहोचते. वर दुकानदाराने आग्रहाने साखर घातली तर ती निराळीच. मधुमेह्यास एखादे अख्खे संत्रे बहुधा पचते, पेला पचत नाही, याचे कारण एवढेच.

दुसरी हानी दातांची. दातावरील कवच साधारण साडेपाचच्या खालच्या सामूत, म्हणजे आम्लतेच्या मापात, विरघळू लागते. लिंबाचा सामू दोन-अडीचच्या घरात असतो. सकाळी अनशापोटी लिंबूपाणी हळूहळू घुटके घेत पिणारे आणि लगेच पुण्यकर्म म्हणून खसखसून दात घासणारे गृहस्थ मऊ पडलेले कवच आपल्याच हाताने खरवडत असतात. त्यांनी नुसती चूळ भरून अर्धापाऊण तास थांबावे. ज्यांना छातीत जळजळ होते, आंबट ढेकर येतात, त्यांना तर ही फळे फार मानवत नाहीतच; ‘पित्त खवळते’ हे आपल्याकडील वर्णन अनुभवास धरूनच आहे.

मूत्रपिंडाच्या बाबतीत मात्र गंमत अशी की एकाच फळाविषयी दोन शेजाऱ्यांना परस्परविरुद्ध हुकूम मिळू शकतात. ज्यास कॅल्शियमचे खडे वारंवार होतात त्यास डॉक्टर लिंबाचे पाणी पिण्यास सांगतात, कारण त्यातील सायट्रेट कॅल्शियमला खडा धरू देत नाही. आणि ज्याचे मूत्रपिंडच निकामी होत चालले आहे त्यास संत्र्या-मोसंब्यांची मनाई होते, कारण त्यांतील पोटॅशियम बाहेर टाकता न आल्याने रक्तात साचून हृदयाच्या ठोक्यांवर आघात करू शकते. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्यांचे आणखी निराळेच: त्यांतून शरीरात ऑक्झलेट तयार होते आणि खडा होण्यासच हातभार लागतो.

पपनसाची कैफियत स्वतंत्र लिहावयास हवी. त्याचा परदेशी आप्त ग्रेपफ्रूट याचा रस एका चाचणीत केवळ मद्यार्काची चव झाकण्यासाठी वापरला असता, १९८९ च्या सुमारास कॅनडातील डेव्हिड बेली यांच्या ध्यानात आले की त्यामुळे रक्तदाबावरील फेलोडिपिन हे औषध रक्तात अपेक्षेपेक्षा फार अधिक चढते. आतड्यात औषधाचा काही अंश मोडणारे विकर या रसातील फ्युरॅनोकुमॅरिन नावाची द्रव्ये बंद पाडतात, आणि तो परिणाम दिवसभराहूनही अधिक टिकतो. तेव्हा गोळी सकाळी आणि फळ दुपारी, ही तोड चालत नाही. पपनसातही ही द्रव्ये असतात. कोलेस्टेरॉलवरील सिमव्हास्टॅटिन, ॲटोर्व्हास्टॅटिन अशी औषधे घेणाऱ्यांनी गणपतीच्या दिवसांत पपनसाच्या फोडींवर हात मारण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांस विचारलेले बरे. मोसंबी आणि साधे संत्रे यांच्यावर हा आरोप नाही.

आणि कागदी लिंबू? ते थेंबाथेंबाने वापरले जाते म्हणून त्याचा अतिरेक सहसा होत नाही, आणि लाभ मात्र पदरात पडतो. धान्य-भाज्यांतील लोह शरीर कंजूषपणे शोषते. त्याच घासाबरोबर क जीवनसत्त्व असले तर अधिक शोषते. ते उष्णतेने नाश पावते, म्हणून लिंबू पिळावयाचे ते कढईत नव्हे, पानात. आमच्या घरी पोह्यांच्या बशीच्या कडेला लिंबाची फोड ठेवण्याचा प्रघात होता, आणि ती न पिळता बशी परत गेली तर आई ती फोड उचलून स्वतःच्या पोह्यांवर पिळीत असे.