छोटं पेडल, मोठं पेडल आणि मोकळा हात

टेप डिले पेडल घेताना गिटारवादक बहुधा एकच गोष्ट विचारतात: छोट्याचा आवाज मोठ्याइतका येतो का? बॉस कंपनीने 2022 मध्ये छोटं आरई-2 आणि मोठं आरई-202 ही पेडलं आणली, तेव्हाही चर्चा तिथेच अडकली. दोन्ही पेडलं म्हणजे रोलँडच्या 1974 सालच्या आरई-201 ‘स्पेस एको’ यंत्राची डिजिटल नक्कल. दोन्हींत टेप नाही, मोटरही नाही. त्यामुळे पेडलचा आकार लहान झाल्याने आवाज आपोआप पातळ होण्याचं कारणच उरत नाही. आकाराबरोबर कमी होते ती हाताला मिळणारी जागा, आणि टेप डिलेच्या बाबतीत ही बाब किरकोळ नाही.

ती किरकोळ का नाही हे कळायला मूळ यंत्र कसं चालायचं ते पाहावं लागतं. टेपचं एक लांब वेटोळं सतत फिरत असतं. एक हेड त्यावर आवाज नोंदवतं आणि पुढची तीन हेड तो थोड्या थोड्या अंतराने वाचतात. टेप सेकंदाला 15 इंच धावत असेल आणि नोंदवणाऱ्या आणि वाचणाऱ्या हेडांमध्ये 2 इंच अंतर असेल, तर प्रतिध्वनी सुमारे 133 मिलिसेकंदांनी येतो. इतकं हे गणित सरळ आहे. वाचलेला आवाज पुन्हा टेपवर जातो, दर फेरीत त्याची धार बोथट होते, आणि मोटर किंचित डळमळली की सूरही लहरतो. स्पेस एकोत हेड जागचं हलत नाही, वेळ बदलते ती मोटरच्या वेगाने. म्हणून प्रतिध्वनी चालू असताना वेगाचा नॉब फिरवला, की घुमणारा सूरच वर चढतो किंवा खाली घसरतो. पुनरावृत्तीचा नॉब वाढवत नेला, तर यंत्र स्वतःच गर्जू लागतं. जमैकात संगीत निर्माता ली पेरीने आपल्या ब्लॅक आर्क स्टुडिओत स्पेस एको वापरला तो याच अंगाने, म्हणजे नॉब हेही एक वाद्य मानून.

आरई-202मध्ये हे नॉब सुटे आहेत. टेप नवी भासावी की जुनी आणि आवाज किती भरडायचा, हेही वेगळं ठरवता येतं. पायाने ठोके देऊन वेळ ठरवायला (टॅप) निराळा स्विच आहे, जमवलेली मांडणी साठवताही येते. आरई-2मध्ये हेडांच्या जोड्या आणि रिव्हर्ब आहेत, पण नॉब एकावर एक बसवलेले आणि पायाला स्विच एकच. मूळ यंत्रात स्मृती कुठे होती, असं कुणी म्हणेल. नव्हतीच, पण ते यंत्र हाताशी ठेवलेलं असे आणि त्याचे नॉब चांगले मोठे होते. छोट्या पेडलला, पावलाने नॉबचं काम करणारं एक्स्प्रेशन पेडल जोडता येतं, हा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. तरी वेग एका हाताने आणि पुनरावृत्ती दुसऱ्या हाताने, असा खेळ एका पावलाला जमत नाही. शिवाय जोडपेडल आलं की वाचवलेली जागा गेलीच.

अर्थात, सगळ्यांना हा खेळ हवा असतो असं नाही. मेम्फिसच्या सन स्टुडिओत निर्माता सॅम फिलिप्स दोन टेप यंत्रं जोडून जो आखूड, एकदाच परतणारा प्रतिध्वनी काढत असे, तेवढाच ज्याला हवा आहे, तो नॉब एकदा लावून विसरून जातो. त्याने आरई-202वर जादा पैसे घालवू नयेत. खरं तर आरई-2मधल्या बहुतेक हेड-जोड्याही त्याच्या कधी उपयोगी पडणार नाहीत.