जुन्या लॅपटॉपच्या पोटात मेमरी कार्ड

माळ्यावरच्या बॅगेतून वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा लॅपटॉप खाली निघतो. धूळ पुसून, चार्जर शोधून बटण दाबलं की पंखा घरघरतो, स्क्रीन उजळते, कंपनीचं नावही झळकतं. आणि मग आतून 'टक्... टक्... टक्' असा आवाज यायला लागतो. थोड्या वेळाने स्क्रीनवर एक ओळ उमटते : ऑपरेटिंग सिस्टिम सापडली नाही. घरातलं कुणीतरी म्हणतं, 'गेला कामातून, भंगारात द्या.' पण बहुतेक वेळा लॅपटॉप शाबूत असतो, गेलेली असते ती त्याच्यातली हार्ड डिस्क. प्रोसेसर किंवा मेमरीच्या चिपमध्ये हलणारं काहीच नसतं, म्हणून त्या टिकतात. डिस्क मात्र आयुष्यभर गरगर फिरत असते.

असा लॅपटॉप पुन्हा चालू करायची गरज फक्त हौशी माणसालाच असते असंही नाही. एखाद्या वर्कशॉपमधलं जुनं यंत्र अजून ठणठणीत असतं, पण त्याला सूचना देणारा प्रोग्रॅम डॉसवरच चालतो आणि त्याला जुना सिरियल पोर्ट लागतो. मराठीपुरतं बोलायचं तर आणखी एक कारण आहे. युनिकोड रुळण्याआधी श्री-लिपी, आकृती, आयएसएम अशा सॉफ्टवेअरमध्ये कितीतरी मजकूर टाइप झाला : दिवाळी अंक, प्रबंध, संस्थांची इतिवृत्तं, घराण्यांच्या वंशावळी. त्या फायली आजच्या संगणकावर उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. मजकूर रूपांतरित करणारी साधनं आहेत, पण नेमका कोणता फाँट वापरला होता हे माहीत असावं लागतं, आणि जोडाक्षरं तपासत बसावं लागतं. जुन्या लॅपटॉपवर मात्र तो फाँट आणि तो प्रोग्रॅम दोन्ही जागच्या जागी असतात.

हार्ड डिस्क का जाते, हे कळायला तिच्या आत डोकवायला हवं. आयबीएमने १९५६ मध्ये आणलेल्या पहिल्या डिस्क यंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, वजन सुमारे एक टन होतं आणि त्यात जेमतेम ५० लाख अक्षरं मावत. लॅपटॉपमधली डिस्क अडीच इंची झाली तरी तत्त्व तेच राहिलं. चुंबकीय थर दिलेली तबकडी मिनिटाला हजारो फेरे घेते आणि तिच्यावर एक हेड हवेच्या पातळ थरावर तरंगत राहतं. माणसाचा केस ७०-८० हजार नॅनोमीटर जाड असतो. हे हेड तबकडीपासून काही नॅनोमीटर ते काही दशक नॅनोमीटर इतक्याच अंतरावर असतं. फिरत्या डिस्कला धक्का बसला तर हेड तबकडीला घासतं आणि ओरखडा उठतो. न वापरता ठेवलेली डिस्कही सुरक्षित नसते. बेअरिंगमधलं वंगण आटतं, आतले रबराचे तुकडे वयाने चिकट होतात, हेड तबकडीला चिकटून बसतं. तो 'टक् टक्' आवाज म्हणजे हेडला आपण कुठे आहोत हे सांगणाऱ्या खुणा सापडत नसतात. ते मूळ जागी जातं, पुन्हा शोधतं, पुन्हा परततं.

मग नवी डिस्क का घालू नये? अडचण जोडणीची आहे. आजच्या डिस्क 'साटा' जोडणीच्या असतात. जुन्या लॅपटॉपना लागते ती रुंद, ४४ पिनांची 'आयडीई' जोडणी, आणि तशा डिस्क आता बनत नाहीत. दुकानाच्या कोपऱ्यात सापडते तीही तितकीच म्हातारी असते. आयबीएमच्या थिंकपॅड एक्स-४० या २००४ च्या मॉडेलची गोष्ट तर आणखी विचित्र. सव्वा किलोच्या आसपास वजनाच्या या देखण्या यंत्रात जागा वाचवण्यासाठी १.८ इंची डिस्क बसवली होती. ती मिनिटाला ४,२०० फेरेच घेई, म्हणजे मुळातच संथ. पुढे ती मिळेनाशी झाली, आणि अडीच इंची डिस्क त्या खाचेत मावत नाही. बाकी यंत्र धडधाकट आणि एका सुट्या भागावाचून अडलेलं, अशी या मॉडेलच्या मालकांची अवस्था झाली. त्यांच्यापैकी अनेकांनी मग कॅमेऱ्याचं कार्ड उचललं.

हे कार्ड म्हणजे कॉम्पॅक्टफ्लॅश, सॅनडिस्कने १९९४ मध्ये आणलेलं. व्यावसायिक छायाचित्रकारांच्या कॅमेऱ्यांत ते वर्षानुवर्षं होतं. लांबी-रुंदीने साधारण काडेपेटीएवढं आणि बरंच पातळ. ते तयार करणाऱ्यांनी एक शहाणपणाचा निर्णय घेतला : कार्डाच्या आतच एक नियंत्रक चिप बसवली आणि तिला आयडीई डिस्कचीच भाषा शिकवली. त्यामुळे लॅपटॉप आणि कार्ड यांच्यामध्ये दुभाषा लागत नाही. बाजारात मिळणारा अडॅप्टर म्हणजे एका बाजूला कार्डाच्या ५० पिना, दुसऱ्या बाजूला ४४ पिनांची जोडणी आणि मध्ये तांब्याच्या रेघा, एवढंच. लॅपटॉपला वाटतं, ही एक छोटी डिस्कच आहे. आज सर्रास मिळणारं एसडी कार्ड वेगळी भाषा बोलतं, म्हणून त्याच्या अडॅप्टरवर भाषांतर करणारी चिप असते. तेही चालतं आणि कार्ड स्वस्त पडतं, पण एखाद्या जुन्या यंत्राशी त्याचं न जमण्याची शक्यता जास्त असते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत विचारपूस करता येते, नाहीतर ऑनलाइन मागवावं लागतं. ओळखीत एखादा जुना फोटोग्राफर असेल तर आधी त्याच्या ड्रॉवरची चौकशी करावी.

कार्डाच्या आत असते फ्लॅश मेमरी. तोशिबा कंपनीतले अभियंते फुजिओ मासुओका यांनी ती १९८४ मध्ये जगापुढे मांडली. सिलिकॉनवरच्या सूक्ष्म ट्रान्झिस्टरमध्ये चारही बाजूंनी विद्युतरोधक थराने बंद केलेला एक कप्पा असतो. जोरदार व्होल्टेज देऊन त्या कप्प्यात इलेक्ट्रॉन ढकलायचे. वीज गेली तरी ते तिथेच अडकून राहतात, आणि ते आहेत की नाहीत यावरून शून्य की एक हे ओळखता येतं. हलणारा भाग नाही, म्हणून आवाज नाही आणि धक्क्याची भीतीही नाही. पण मेख अशी की, लिहिताना सुटी सुटी जागा पुसता येत नाही. पाटीवरचा एक शब्द बदलायचा तर अख्खी पाटी पुसून पुन्हा लिहायची, असा प्रकार. शिवाय प्रत्येक वेळी पुसताना तो विद्युतरोधक थर थोडासा झिजतो. कप्प्यात एकच बिट साठवणारी महागडी कार्डं सुमारे लाखभर वेळा पुसणं सोसतात. कप्प्यात अनेक बिट कोंबणारी स्वस्त कार्डं काही हजार वेळा, कधी त्याहूनही कमी.

प्रत्यक्ष कामाची सुरुवात स्क्रू काढण्याने करू नये. डिस्कमध्ये मोलाचा मजकूर असेल आणि ती टकटक करत असेल, तर 'बघू या एकदा' म्हणून ती पुन्हा पुन्हा चालू करणं सगळ्यात घातक. प्रत्येक फेरीला ओरखडा वाढू शकतो. डिस्क बाहेर काढून यूएसबी अडॅप्टरने दुसऱ्या संगणकाला जोडावी आणि तिची जशीच्या तशी प्रतिमा उतरवून घ्यावी. लिनक्सवरचा 'डीडीरेस्क्यू' हा मोफत प्रोग्रॅम यासाठी नावाजलेला आहे. तो आधी धडधाकट भाग भराभर वाचून घेतो आणि खराब जागांकडे शेवटी वळतो. कुठवर वाचलं याची नोंदही ठेवतो, त्यामुळे मध्येच थांबलं तरी सगळं मुळापासून करावं लागत नाही. डिस्क अजिबात फिरतच नसेल आणि मजकूर अमूल्य असेल, तर ती घरी न उघडता डेटा रिकव्हरीच्या व्यावसायिकाकडे न्यावी.

बसवताना बॅटरी आणि चार्जर दोन्ही काढलेले हवेत. ४४ पिनांची जोडणी एक घर सरकून बसली तर वीज भलत्याच पिनेवर जाते आणि कार्ड किंवा मदरबोर्ड जळू शकतो, कारण या जोडणीत ५ व्होल्टचा पुरवठा शेवटच्या पिनांतूनच येतो. त्यामुळे एक नंबरची पिन कुठे, हे डिस्क काढतानाच मोबाइलवर फोटो काढून ठेवावं. अडॅप्टरवर 'मास्टर' आणि 'स्लेव्ह' अशी निवड असते, तिथे मास्टर.

यानंतर बहुतेकांची गाडी अडते ती क्षमतेवर. आज ३२ जीबीचं कार्ड लहान वाटतं, १९९४ च्या लॅपटॉपला ते कल्पनेपलीकडचं आहे. तेव्हाचा बायोस डिस्कचा पत्ता तीन आकड्यांत मोजे : जास्तीत जास्त १,०२४ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर. प्रत्येक सेक्टरमध्ये ५१२ बाइट. हा गुणाकार ५२ कोटी ८४ लाख ८२ हजार ३०४ बाइटवर, म्हणजे ५०४ एमबीवर संपतो. त्यापुढची जागा त्याला दिसतच नाही, किंवा सुरू होतानाच ते यंत्र गोठतं. नंतरच्या यंत्रांसाठी पुढची वेस ८.४ जीबीची होती. शिवाय डॉसला दोन जीबीपेक्षा मोठा विभाग हाताळता येत नाही. म्हणून डॉस किंवा विंडोज ९५ साठी जुनं, लहान कार्डच बरं. कॅमेऱ्यासाठी टाकाऊ झालेलं ५१२ एमबीचं कार्ड इथे सोन्याच्या भावाचं ठरतं.

आणखी दोन खोड्या ठाऊक असलेल्या बऱ्या. कॅमेऱ्यात वापरलेल्या कार्डावर यंत्र सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम नसतो. फायली सगळ्या असूनही लॅपटॉप काळ्या स्क्रीनवर बसून राहतो. डॉसमधल्या 'एफडिस्क' या आज्ञेने तो प्रोग्रॅम लिहावा लागतो आणि विभाग 'ॲक्टिव्ह' करावा लागतो. दुसरी खोडी विंडोज एक्सपीची. अनेक कार्डं स्वतःची ओळख 'काढता येणारं माध्यम' अशी करून देतात, आणि मग एक्सपी त्यावरचा पहिला विभाग सोडून बाकीचे ओळखत नाही. कारखान्यांसाठी बनवलेली 'इंडस्ट्रियल' कार्डं स्वतःला स्थिर डिस्क म्हणवतात. ती महाग असतात, पण एक्सपीसाठी तीच घ्यावीत.

वेगाबद्दल फार मोठ्या अपेक्षा ठेवू नयेत, पण फरक जाणवतो. मिनिटाला ४,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेऱ्याला सुमारे १४ मिलिसेकंद लागतात. म्हणजे हवी ती जागा हेडखाली येण्याचीच सरासरी सात मिलिसेकंद वाट पाहायची, हेड तिथवर नेण्याचा वेळ वेगळा. कार्डाला हा शोध घ्यावाच लागत नाही, मिलिसेकंदभरातच वाचन सुरू होतं. लिहिण्याचं मात्र उलटं. एक्सपी मेमरी अपुरी पडली की सतत डिस्कवर बारीकसारीक लिहीत बसते, आणि स्वस्त कार्ड अशा वेळी चक्क अडखळतं. माउस सेकंदभर जागचा हलत नाही. रॅम पुरेशी असेल तर हे 'व्हर्च्युअल मेमरी'चं लिखाण बंद करावं. अडखळणंही थांबतं आणि कार्डाची झीजही.

बॅटरी जास्त चालेल का? थोडी. फिरती डिस्क दोनेक वॅट खाते, कार्ड अर्ध्या वॅटहूनही कमी. पण स्क्रीन आणि प्रोसेसरची भूक त्याहून मोठी असते. आणि इतक्या जुन्या लॅपटॉपची बॅटरी बहुधा संपलेलीच असते. फुगलेली दिसली तर ती चार्ज न करता ई-कचरा केंद्रात द्यावी. त्या काळच्या काही यंत्रांत घड्याळासाठी एक छोटी रिचार्जेबल बॅटरी असते. ती गळून मदरबोर्डचं तांबं खाते, तेव्हा यंत्र उघडलंच आहे तर तीही पाहून घ्यावी. स्क्रीन मात्र उघडू नये. तिच्या मागच्या नळीला शेकडो व्होल्ट लागतात आणि नळीत थोडा पारा असतो.

कार्ड बसलं म्हणजे मजकूर कायमचा सुरक्षित झाला, असं समजण्याची चूक अनेक जण करतात. त्या बंद कप्प्यातले इलेक्ट्रॉन वर्षानुवर्षांत हळूहळू निसटतात. कार्ड झिजलेलं असेल आणि उकाड्यात पडून असेल तर आणखी लवकर. त्यातल्या त्यात सोय अशी की कार्ड बाहेर काढून रीडरमध्ये घातलं की काही मिनिटांत त्याची पूर्ण प्रत होते, आणि दोन जीबीची प्रत आजच्या कुठल्याही पेनड्राइव्हच्या कोपऱ्यात मावते. ती वर्षातून एकदा करावी. इंटरनेटला मात्र हा लॅपटॉप जोडू नये. विंडोज ९८ ची सुरक्षा दुरुस्ती २००६ मध्ये थांबली, एक्सपीची २०१४ मध्ये.

काढलेली डिस्कही लगेच फेकू नये. काही सॉफ्टवेअर डिस्कच्या अनुक्रमांकाशी बांधलेली असतात आणि कार्डावरून सुरूच होत नाहीत. जुन्या डीटीपी सॉफ्टवेअरना प्रिंटरच्या पोर्टला लावायचं डोंगल लागतं, ते बॅगेच्या कप्प्यात राहिलेलं असतं. सगळ्या फायली उघडून पाहिल्याशिवाय दोन्ही जपून ठेवावीत.

कार्ड लावलेला लॅपटॉप पहिल्यांदा सुरू होतो तेव्हा शंका येते की काहीच घडत नाहीये, कारण आवाजच नसतो. डिस्कचा छोटा दिवा तेवढा लुकलुकतो. ही शांतता काहींना सोसत नाही. त्या दिव्याच्या तारांना जोडून, तो लुकलुकेल तसा जुन्या डिस्कसारखा आवाज काढणारं एक छोटं सर्किटही हौशी लोकांनी बनवलं आहे, आणि ते विकतही घेतलं जातं.