थिएटरमध्ये शूट केलेला पिक्चर नेमका कोणत्या शोचा, हे कळतं तरी कसं?

परवा संध्याकाळी मेहरूण तलावावर बसलो होतो. सोबत चुलतभाऊ, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मोबाईल पुढे करून म्हणाला, "दादा, काल पिक्चरचा क्लायमॅक्स शूट केला. स्टेटसला टाकतो आणि ग्रुपवर पण. एवढ्या गर्दीत कोणी केलं, कुणाला काय कळणार?"

असं वाटणारा तो एकटा नाही. २०१६ ला 'सैराट' आला तेव्हा मी पण मेमरी कार्ड घेऊन मोबाईलच्या दुकानात उभा होतो. वीस-तीस रुपयांत पिक्चर भरून मिळायचा. ती कॉपी कुठून आली हे कुणी शोधू शकतं, असा विचारही डोक्यात आला नव्हता. पुढे इंजिनिअरिंगला आल्यावर यामागची टेक्नॉलॉजी वाचली आणि थोडा घाबरलोच.

आधी पिक्चर थिएटरला पोचतो कसा ते बघू

रिळांचा जमाना गेला. आता पिक्चर हार्ड डिस्कवर किंवा सॅटेलाईटवरून थिएटरच्या सर्व्हरला येतो, आणि येतो तो कुलूप लावून, म्हणजे एन्क्रिप्ट होऊन. हॉलिवूडच्या स्टुडिओंनी मिळून डीसीआय नावाचं एक स्टँडर्ड केलं, त्याची पहिली आवृत्ती २००५ ची. त्यानुसार पिक्चर उघडायची चावी वेगळी पाठवतात. ती चावी त्याच एका सर्व्हरसाठी बनलेली असते आणि ठराविक तारखांपुरतीच चालते. म्हणजे जळगावच्या सर्व्हरची चावी धुळ्याला नेऊन काहीच उपयोग नाही.

त्यामुळे फाईल चोरणं अवघड. पण पडद्यावर पिक्चर सुरू झाला की तो उघडाच असतो, समोर मोबाईल धरला की झालं. म्हणून दुसरी युक्ती.

न दिसणारा शिक्का

शिक्का दोन प्रकारचा असतो. एक दिसणारा. जून २०१६ मध्ये 'उडता पंजाब' रिलीजच्या दोन दिवस आधी लीक झाला, तेव्हा त्या कॉपीवर 'फॉर सेन्सर' असं लिहिलेलं दिसत होतं. म्हणजे ही थिएटरची कॉपी नाही, सेन्सॉरकडे गेलेली आहे, हे बघणाऱ्यालाही कळत होतं.

दुसरा असतो अदृश्य, म्हणजे फॉरेन्सिक वॉटरमार्क. हा फाईलमध्ये आधीपासून नसतो. शो चालू असताना सर्व्हर तो चित्रात मिसळत जातो. त्यामुळे एकच पिक्चर, एकाच वेळी, जळगावात आणि धुळ्यात चालू असला तरी दोन्हीकडचा शिक्का वेगळा पडतो.

त्यात असतं काय? डीसीआयच्या नियमात फक्त ३५ बिट आहेत. गणित सोपं आहे:

• १६ बिट वेळेसाठी. वर्षाचे दर १५ मिनिटांचे तुकडे केले तर ३६६ × ९६ = ३५,१३६ होतात. १६ बिटांत ६५,५३६ आकडे बसतात, म्हणजे आरामात मावतं.

• १९ बिट जागेसाठी. यात ५,२४,२८८ वेगवेगळे नंबर देता येतात.

थोडक्यात, कोणत्या जागी, कोणत्या तारखेला, कोणत्या पाऊण-सव्वाच्या सुमारास, एवढं सगळं ३५ बिटांत.

आता तुम्ही म्हणाल, मग तो डोळ्यांना दिसत कसा नाही? समजा, गोंगाटात कोणी तुमच्या कानात हळूच एक शब्द बोललं. एकदा ऐकून कळणार नाही. पण तोच शब्द हजारो वेळा बोलला तर गोंगाट मागे पडतो आणि शब्द कळतो. इथे तसंच आहे. फ्रेममध्ये अगदी बारीक फरक केलेले असतात. पाच मिनिटांत २४ च्या वेगाने ७,२०० फ्रेम जातात आणि नियमाप्रमाणे दर पाच मिनिटांत पूर्ण ३५ बिट यायलाच हवेत. अर्ध्या तासाची रेकॉर्डिंग हातात असेल तर ओळख पक्की पटली पाहिजे, अशी अट आहे. कॅमेऱ्याने शूट केलं, कडा कापल्या, साईज बदलली, कॉम्प्रेस केलं, तरी तो टिकला पाहिजे, ही पण अट आहे. आवाजातही असा शिक्का घालता येतो.

थिएटर कळलं, माणूस कसा कळणार?

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. वॉटरमार्क माणसाचं नाव सांगत नाही. तो थिएटर आणि शो सांगतो. पुढचं काम जुन्या पद्धतीच्या तपासाचं: सीसीटीव्ही, ऑनलाईन बुकिंग, त्या शोला ड्युटीवर कोण होतं. व्हिडिओत पडदा तिरका दिसत असेल तर कॅमेरा कोणत्या बाजूला होता याचाही अंदाज येतो. जपानच्या संशोधकांनी तर २००९ मध्ये दाखवून दिलं, की वेगवेगळ्या स्पीकरच्या आवाजात वॉटरमार्क घातला तर रेकॉर्डिंगवरून कॅमेऱ्याची जागा सरासरी ०.४४ मीटरच्या फरकाने काढता येते. म्हणजे जवळपास खुर्चीच!

२०२४ मध्ये केरळात 'एआरएम' हा मल्याळम पिक्चर रिलीजनंतर लगेच लीक झाला. कोची पोलिसांचा तपास केरळबाहेर, कोइम्बतूरच्या एका थिएटरपर्यंत गेला आणि ऑक्टोबरमध्ये दोघांना अटक झाली. आपल्याकडे 'छावा'च्या बाबतीत मार्च २०२५ मध्ये मुंबईच्या सायबर पोलिसांकडे गुन्हा दाखल झाला, तेव्हा १,८१८ पायरेटेड लिंक सापडल्याचं समोर आलं होतं.

कायदा काय म्हणतो?

२०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायद्यात बदल झाला. परवानगीशिवाय कॉपी बनवायच्या हेतूने थिएटरमध्ये रेकॉर्डिंग करणं हाच गुन्हा आहे, मग तो पूर्ण पिक्चर असो की त्याचा एक भाग. अपलोड केलंच पाहिजे असं नाही. शिक्षा ३ महिने ते ३ वर्षं. दंड कमीत कमी ३ लाख रुपये, आणि वर पिक्चरच्या निर्मिती खर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत. महाराष्ट्रात तर २००९ पासून व्हिडिओ पायरसी करणाऱ्यांना एमपीडीए कायद्याखाली स्थानबद्धही करता येतं. लिंकसाठी सरकारने नोडल अधिकारी नेमलेत, तक्रार आली की ४८ तासांत कारवाई व्हावी म्हणून.

मग भावाच्या क्लिपचं काय?

त्याची क्लिप चाळीस सेकंदांची. खरं सांगायचं तर एवढ्याशा तुकड्यातून ३५ बिट काढणं कठीण आहे. हे ऐकून तो लगेच खूश झाला. मग मी विचारलं, "स्टेटस कोणाच्या नंबरवरून जाणार?"

गप्पच बसला.

वॉटरमार्क लागतो तो निनावी कॉपी शोधायला. स्टेटसवर तर तुमचं नाव, नंबर, फोटो आणि वेळ, सगळं तुम्हीच देता. ग्रुपवर टाकलं की पुढे ती क्लिप कुठे फिरते, यावर आपला कंट्रोल राहत नाही, पण सुरुवात आपल्यापासून झाली हे राहतं.

त्याने क्लिप तिथेच डिलीट केली. डिलीटेड फोल्डरमधून पण काढायला लावली. पिक्चर आवडला असेल तर स्टेटसला तिकिटाचा फोटो टाका ना भो, क्यूआर कोड तेवढा झाकून!