दहा मीटरांचा हिशेब

उपग्रहांच्या संदेशांत अमेरिकी सरकारने बुद्धिपुरस्सर मिसळलेली अशुद्धी २ मे २००० रोजी काढून टाकण्यात आली, आणि तोवर जे जीपीएस यंत्र सामान्य नागरिकास शंभर मीटरांच्या घेरात कोठेतरी सोडून देत असे, ते एका रात्रीत त्याला एखाद्या विवक्षित झाडापाशी आणून उभे करू लागले. लगेच दुसऱ्या दिवशी, ३ मे रोजी, ओरेगनमधील डेव्ह उल्मर यांनी काही वस्तूंनी भरलेली एक बादली रानात अर्धवट पुरली व तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. एकाने खोका लपवावा, इतरांनी केवळ अंकांच्या आधारे तो शोधून आतील वहीत आपले नाव लिहावे, असा हा जिओकॅशिंगचा खेळ तेथून जगभर पसरला. आपल्याकडे तो अद्याप विरळ असला, तरी पूर्वेस प्रबळगड, दक्षिणेस कर्नाळा आणि पश्चिमेस खाडी लाभलेल्या पनवेलसारख्या गावी त्याची गोडी लागण्यास अडचण नसावी. अडचण येते ती यंत्र आपणास ‘पोहोचलात’ असे सांगते आणि खोका मात्र दिसत नाही तेव्हा. त्या क्षणी यंत्राला बोल लावण्यापेक्षा चूक कोणत्या खात्यावर मांडावयाची हे जाणणे अधिक उपयोगाचे, आणि माझ्या मते खेळाचा खरा आनंदही त्यातच आहे.

या यंत्राचे काम मुळात कालमापनाचे आहे. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून प्रत्येक उपग्रह आपली वेळ सांगत असतो. तो संदेश हाती येण्यास लागलेल्या अवधीवरून यंत्र अंतर काढते, आणि निदान चार उपग्रहांची अंतरे मिळाली म्हणजे आपले स्थान व स्वतःच्या घड्याळाची चूक ही दोन्ही त्यास कळतात. सेकंदाच्या दहा लक्षांशाएवढी चूक म्हणजे जमिनीवर तीनशे मीटर. शिवाय येथवर पोहोचणारी शक्ती किती क्षीण, तर एका वॅटच्या कोट्यांशाचा कोट्यांश घेऊन त्याचाही शतांश करावा, इतकी. एवढ्या नाजूक साक्षीवर निवाडा करावयाचा असल्यामुळे वाटेतील प्रत्येक अडथळा हिशेबात धरावा लागतो.

त्यांतील सर्वांत मोठा अडथळा डोळ्यांना दिसत नाही, आणि त्याचा अभ्यास करणाऱ्या देशातील प्रमुख संस्थांपैकी एक नवीन पनवेलमध्येच आहे, ही गोष्ट पनवेलकरांनी अभिमानाने सांगावी अशी आहे. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेचे चुंबकीय काम १९०४ साली अलिबागेस हलविण्यात आले. त्याच परंपरेतून १९७१ साली भारतीय भूचुंबकत्व संस्था स्वायत्त झाली. पृथ्वीच्या चुंबकत्वाबरोबरच ती आयनांबराचाही, म्हणजे सूर्यकिरणांनी विद्युद्भारित केलेल्या वरच्या हवेचाही, अभ्यास करते. या थरातून जाताना उपग्रहाचा संदेश रेंगाळतो आणि ते रेंगाळणे यंत्राला अंतरासारखे भासते. आपल्या देशात ही बाब अधिक तीव्र आहे. कारण चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते, तेथे दिवसा वर उचलले गेलेले इलेक्ट्रॉन चुंबकीय रेषांवरून उत्तर-दक्षिणेस ओघळतात आणि त्यांची दाट रास गुजरात-मध्य प्रदेशाच्या आसपास साचते. पनवेल त्या राशीच्या चढणीखाली येते. सूर्य क्षुब्ध असलेल्या वर्षांत भर दुपारी ही दिरंगाई दहा-पंधरा मीटरांची, आणि क्षितिजाकडील उपग्रहांच्या बाबतीत त्याच्या दुप्पट-तिप्पट होऊ शकते. साध्या यंत्रातील ठराविक गणित तिचा साधारण निम्मा भागच वजा करते. मार्च-एप्रिल व सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सूर्यास्तानंतर या थरात विरळ बुडबुडे उठतात व संदेश थरथरू लागतो. अशा रात्री उघड्या माळावरही बाण भरकटला, तर विद्युत्घट बदलण्याची घाई न करता सकाळची वाट पाहावी.

यावर दोन उपाय आहेत. नव्या यंत्रांपैकी काही एल-१ व एल-५ अशा दोन वारंवारता घेतात. दिरंगाई वारंवारतेनुसार बदलत असल्याने दोहोंच्या तुलनेतून ती जवळजवळ पूर्ण वजा होते. दुसरा उपाय ‘गगन’ हा, इस्रो व भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी विमानांसाठी उभारलेल्या दुरुस्तीसेवेचा. यंत्राच्या मांडणीत ‘वास’ किंवा ‘एग्नॉस’ अशा परदेशी नावाची कळ असते, ती चालू करावी. पुष्कळ यंत्रांत उपग्रहांच्या पानावर ४० वा ४१ हा क्रमांक दिसू लागला म्हणजे गगनचा उपग्रह सापडला असे समजावे. विद्युत्घट वाचविण्याच्या मांडणीत ही कळ बहुधा बंद पडते, हेही ध्यानात असावे.

आता दगडाकडे वळू. कर्नाळ्याच्या सुळक्याखाली उभे राहिले की अर्धे आकाश बेसॉल्टच्या भिंतीमागे जाते. उरलेले उपग्रह एकाच बाजूस गोळा होतात, शिवाय भिंतीवर आपटून आलेला संदेश लांबच्या वाटेने येतो, आणि स्थान कड्याच्या काटकोनात पुढेमागे सरकते. म्हणून कड्यापाशी शोध घेताना कड्याला समांतर न फिरता त्याच्याकडे व त्याच्यापासून दूर असा घ्यावा. भिजलेली पालवी संदेश शोषून घेते, तेव्हा पावसाळ्यात यंत्र खिशात न ठेवता खांद्याच्या पट्ट्यावर अडकवावे. बाणही पुष्कळ यंत्रांत चालण्याच्या दिशेवरून ठरतो, त्यामुळे उभ्या जागी तो वाटेल तिकडे वळतो. वीस-तीस मीटर मागे जाऊन सरळ चालत यावे. चुंबकसूची असल्यास आपल्या भागात तिचा उत्तरेशी फरक एका अंशाहून कमी, हे आपले भाग्य. मात्र वीज पडलेल्या शिखरावरील बेसॉल्ट स्वतःच चुंबकित झालेला असतो व सूचीस फसवतो.

काही चुका निव्वळ लेखी आहेत. १८ अंश ५३.५० मिनिटे ही दशांश मिनिटे ५३ मिनिटे ५० सेकंद अशी वाचली, की माणूस सहाशे मीटर उत्तरेस जातो. भारतीय सर्वेक्षण विभागाचा जुना नकाशा एव्हरेस्ट गोलाभावर आखलेला असतो, यंत्र जागतिक गोलाभावर चालते. त्याची नोंद न घेतल्यास पनवेलजवळ शंभर मीटरांहून अधिक तफावत पडते. जुने यंत्र एकोणीस-वीस वर्षांपूर्वीची तारीख दाखवू लागले, तर आठवड्यांचा मोजक १०२४ नंतर शून्यावर आल्याचा तो परिणाम आहे. नव्या प्रणालीने तो बहुधा दुरुस्त होतो. आणि महिनोन्‌महिने बंद असलेल्या यंत्रास उघड्या आकाशाखाली पंधरा मिनिटे द्यावीत, कारण उपग्रहांचे संपूर्ण पंचांग उतरण्यास साडेबारा मिनिटे लागतात.

खोका ठेवणाऱ्याची जबाबदारी मात्र शोधणाऱ्याहून मोठी. कर्नाळा हे पक्षी अभयारण्य आहे, तेव्हा वनखात्याच्या परवान्यावाचून तेथे डबा ठेवणे मुळीच योग्य नाही. किल्ल्याच्या तटात, पाण्याच्या टाक्यात वा स्थानकाच्या आवारात तर नाहीच. अन्यत्रही जागेच्या मालकाची संमती घ्यावी आणि डबा पारदर्शक ठेवून त्यावर आत काय आहे ते मराठीत लिहावे, म्हणजे पोलिसांस व गावकऱ्यांस धास्ती वाटणार नाही. उपग्रहामार्फत निरोप धाडणारी यंत्रे हा निराळा प्रकार असून ती आपल्या देशात परवान्याविना बाळगता येत नाहीत. केवळ स्थान दाखविणाऱ्या यंत्रास ही बाधा नाही.

लपविणाऱ्याची पाच मीटरांची व शोधणाऱ्याची पाच मीटरांची चूक मिळून सरासरीने सात मीटर होतात, म्हणून स्थाननोंद एकदाच घेऊन भागत नाही. यंत्र जागेवर ठेवून काही मिनिटांची सरासरी काढावी, दुसऱ्या दिवशी पुन्हा काढावी, आणि ती त्याच वेळी काढू नये. कारण जीपीएस उपग्रहांची मांडणी रोज सुमारे चार मिनिटे आधी जशीच्या तशी परत येते, आणि कड्यावरून परतलेल्या संदेशाची कालची चूक आजही तीच मिळून ती खरी वाटू लागते. पहिली नोंद सकाळी असेल, तर दुसरी तिसऱ्या प्रहरी घ्यावी.