एका नकाराची किंमत

परराष्ट्रधोरणावर मत देताना लोकप्रतिनिधी केवळ देशोदेशींच्या राजकारणाचाच विचार करीत असेल, अशी आपली भाबडी समजूत असते. परंतु त्याचा हात ओढणारे दोर पुष्कळदा घरचेच असतात. अमेरिकेतील जेनेट रँकिनबाईंची हकीकत पाहा.

मोंटाना राज्यात १९१४ साली स्त्रियांना मताधिकार मिळाला. त्यासाठी झटलेल्या रँकिनबाई १९१६ साली निवडून आल्या. अमेरिकन काँग्रेसमधल्या त्या पहिल्या स्त्री सभासद. कामाला लागून चार दिवस होतात न होतात, तोच जर्मनीशी युद्ध पुकारण्याचा ठराव पुढे आला! निवडणुकीत पाठीशी उभा राहिलेला सख्खा भाऊ वेलिंग्टन म्हणू लागला, युद्धाच्या बाजूने मत दे. देशभर मताधिकारासाठी लढणाऱ्या कित्येक सहकारी स्त्रियांना धास्ती, की बाईने नकार दिला तर आपली चळवळच मागे पडेल.

६ एप्रिल १९१७. नावाच्या पहिल्या पुकाऱ्याला बाई गप्प राहिल्या. दुसऱ्याला उठल्या आणि ‘नाही’ म्हणाल्या. ठराव ३७३ विरुद्ध ५० मतांनी संमत झाला. नकार देणारे ४९ पुरुषही होते. बोभाटा झाला तो बाईंचाच! पुढल्याच वर्षी सेनेटची निवडणूक त्या हरल्या.

दैवयोग असा, की १९४० साली त्या पुन्हा निवडून आल्या आणि १९४१ च्या डिसेंबरात जपानने पर्ल हार्बरवर बाँब टाकले. आता मते पडली ३८८ विरुद्ध १! ती एकटी म्हणजे रँकिनबाई. संतप्त जमावापासून बचावण्यासाठी त्यांना टेलिफोनच्या खोपटात शिरून पोलिसांना बोलवावे लागले. १९४२ ची निवडणूक त्यांनी लढवलीच नाही.

गांधीजींच्या विचारांनी भारलेल्या बाई १९४६ पासून अनेकदा हिंदुस्थानात आल्या. १९६८ साली, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या स्त्रियांच्या मोर्चाच्या अग्रभागीही त्या होत्या.

पर्ल हार्बरनंतरचा त्यांचा नकार योग्य होता का? पुष्कळजण ‘नाही’ म्हणतील, आणि त्यात तथ्यही आहे. पण आप्त, मतदार, सहकारी आणि खवळलेले लोकमत, या साऱ्यांचे ओझे त्या मतावर होते, हे विसरू नये. ते ओझे उरलेल्या ३८८ जणांवरही होतेच. फरक एवढाच, की त्यांना ते वाऱ्याच्या दिशेने वाहायचे होते.