जोर लावला आणि खांदा गेला

"शंभर पुरे कर, न्हाईतर म्हैनाभर च्या तुझ्याकडं!" ही पैज लागली तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते, सकाळी सबमिशन होतं आणि मी उभ्या आयुष्यात सलग तीसच्या वर जोर मारले नव्हते. पैज लावणारा माझा रूम पार्टनर, शिरोळकडचा, लहानपणापासून तालमीत गेलेला. सगळं हॉस्टेल त्याला पैलवानच म्हणतं. मी शंभर पुरे केले. शेवटचे वीस तर पाय कॉटवर ठेवून, कारण बघायला शेजारच्या विंगमधलीही पोरं जमली होती. चहा जिंकला! सकाळी आंघोळीला मग्गा उचलला, तर उजवा हात खांद्याच्या वर जाईना.

पुढे मी जे केलं ते आपल्यापैकी निम्मे लोक करतात. आठवडाभर काहीच नाही, मग बरं वाटलं म्हणून एकदम पन्नास जोर. पुन्हा दुखलं. मग स्प्रे, मग पेनकिलर आणि गोळीच्या जोरावर पुलअप्स! हे सहा आठवडे चाललं आणि परीक्षा आली. मशीन डिझाइनच्या पेपरला दोन तासांनंतर खांदा असा भरून आला की दहा मार्कांचा प्रश्न डोक्यात तयार असून कागदावर उतरला नाही. पासिंग ४०, मला ३६. चहा चांगलाच महागात पडला.

तेव्हा कुठे फिजिओकडे गेलो. मॅडमनी पहिल्यांदा विचारलं, "इंजिनिअरिंगला आहेस ना? मग लोड किती होता ते सांग की!" गप्प बसलो. रूमवर येऊन हिशेब केला. साध्या पुशअपला हातांवर शरीराच्या वजनाच्या सुमारे ६४ टक्के भार येतो. माझं वजन ६२ किलो, म्हणजे जवळजवळ ४० किलो. शंभर वेळा ४० म्हणजे चार टन! त्यात आपला देशी जोर पुशअपपेक्षा लांबलचक, अंग मागून पुढे सरपटत येणारा. आणि पाय उंचावर ठेवले की भार आणखी वाढतो. साठ सेंटिमीटर उंचीला तो ७४ टक्क्यांच्या आसपास जातो. मी हे सगळं शेवटी, स्नायू थकलेले असताना केलं होतं.

आता हा भार घेणारा सांधा कसा आहे बघा. मांडीचं हाड खुब्याच्या खोल वाटीत बसतं. दंडाच्या हाडाचा गोळा मात्र उथळ बशीवर ठेवलेल्या लिंबासारखा आहे. एका वेळी त्याचा चौथा ते तिसरा हिस्साच बशीला टेकलेला असतो. म्हणूनच हात सगळीकडे फिरतो. पण लिंबू बशीवरून घसरू नये याची काळजी मुख्यतः चार लहान स्नायूंना घ्यावी लागते, त्यांना रोटेटर कफ म्हणतात. आणि ही बशी स्थिर नाही! ती पाठीवरच्या त्रिकोणी हाडाचा, म्हणजे खवाट्याचा भाग आहे. हात १८० अंश वर नेला तर त्यातले साधारण १२० अंश सांध्यात होतात, उरलेले ६० खवाटा फिरल्यामुळे मिळतात. खवाटा नीट फिरला नाही तर छोट्या स्नायूंवर ताण येतो.

स्टॅटिक्सचं गणितही करून बघा. एक हात म्हणजे वजनाच्या ५ टक्के, माझा तीन किलो. तो आडवा धरला तर त्याचं वजन खांद्यापासून सुमारे ३० सेंटिमीटरवर आणि उचलणारा स्नायू जेमतेम ३ सेंटिमीटरच्या तरफेवर. म्हणजे रिकामा हात धरायलाच ३० किलोचं बल! मग मग्गा का जड झाला ते कळलं.

दुखण्याचं कारण म्हणून पूर्वी सरसकट सांगत की वरच्या हाडाखाली कंडरा घासते. अमेरिकन सर्जन चार्ल्स नीर यांनी १९७२ मध्ये हे मांडलं आणि ते हाड तासण्याच्या शस्त्रक्रिया पुढे पुष्कळ झाल्या. पण २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ब्रिटनमधली ३१३ रुग्णांची चाचणी छापून आली. हाड तासलेले आणि नुसती दुर्बीण घालून बाहेर काढलेले, दोघांत फरक आढळला नाही. त्यामुळे आता भर आहे तो कंडरेची ताकद हळूहळू वाढवण्यावर. स्नायू काही आठवड्यांत तगडा होतो, कंडरेला महिने लागतात. मी नेमका या दोघांच्या मधल्या फटीत सापडलो होतो.

मॅडमनी पूर्ण विश्रांती दिलीच नाही, भार कमी केला. नियम एकच: दुखणं दहापैकी तीनच्या वर जायचं नाही आणि दुसऱ्या सकाळी ते आधीपेक्षा वाढलेलं नको. सुरुवात भिंतीवरच्या पुशअपने, तेही कोपर बाहेर न फाकवता, अंगापासून साधारण ४५ अंशांवर. वर आल्यावर शेवटी आणखी थोडं ढकलायचं, म्हणजे खवाटे पुढे सरकतात. मग टेबलाची कड (हात साठ सेंटिमीटरवर असले तर भार ४१ टक्केच), मग कॉट, मग जमीन. एक दिवसाआड, दहाचे तीन सेट. जोडीला कुशीवर झोपून, कोपर बरगडीला टेकवून, पाण्याची लिटरची बाटली हळूहळू वर फिरवायची. पाणी एक लिटर म्हणजे एक किलो, डंबेल विकत घ्यायची गरज नाही! खिडकीच्या गजाला सायकलची जुनी ट्यूब बांधून मागे ओढणंही केलं. आपण सगळे ढकलण्याचेच व्यायाम करतो, ओढण्याचे विसरतो. भिंतीवर पुशअप मारताना विंगमध्ये भरपूर टिंगल झाली, ते सांगायलाच हवं. पैलवान मात्र हसला नाही. म्हणाला, "लेका, तालमीत पयलं वरीसभर नुसता हौदाच उकरायला लावत्यात." दोन कॉटच्या मध्ये हात मागे टेकून मारायचे डिप्स मी कायमचे सोडले, त्यात दंड मागे खेचला जाऊन खांद्याच्या पुढच्या बाजूवर फार ताण येतो. पुलअप्स सगळ्यात शेवटी सुरू केले.

हे सगळ्यांना लागू नाही. पडल्यावर हात उचलताच येत नसेल, बोटांत मुंग्या येत असतील, रात्री झोपमोड होत असेल, तर आधी डॉक्टर. स्टाफमधल्या काका-मॅडमसाठी दोन गोष्टी. चाळीस ते साठ या वयात, विशेषतः मधुमेह असेल तर, फ्रोझन शोल्डर होतो. त्यात दुसऱ्याने फिरवला तरी हात बाहेरच्या बाजूला वळत नाही. आणि खांदा किंवा हात दुखताना छातीत दाब, घाम, धाप असेल तर तो खांद्याचा आजार समजू नका, तडक हॉस्पिटल गाठा.

मला जमिनीवर यायला अकरा आठवडे लागले. सध्या पंचवीसवर आहे, रोज नाही. मशीन डिझाइन दुसऱ्या खेपेला निघाला. पैलवानाकडे चहाची अकरा दिवसांची बाकी अजून आहे.