यवनांच्या देशी



कार्ल्याचे चैत्यगृह पाहून आलेली मंडळी आज या सभेत पुष्कळ असतील. पुन्हा कधी गेलात, तर तेथील खांबांवरची अक्षरे जरा निरखून पाहा. त्यांतले काही खांब धेनुकाकट गावच्या यवनांनी दान दिले, असे त्यांवर कोरलेले आहे. नाशिकच्या लेण्यांपैकी एक लेणे इंद्राग्निदत्त नावाच्या योनकाने खोदविले. जुन्नरलाही यवनांची दाने आहेत. हे यवन किंवा योन म्हणजे मूळचे आयोनियन, अर्थात ग्रीक. दान देणारे सगळेच रक्ताने ग्रीक होते की नाही, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. त्यांची नावे तर बहुतेक आपल्याकडचीच आहेत. पण ते काही असले, तरी या लोकांचे नाव आपल्या सह्याद्रीच्या दगडावर दोन हजार वर्षे टिकून आहे, एवढे खरे.

असे असूनही ग्रीसविषयी आपल्याला ठाऊक काय असते? सॉक्रेटिस, प्लेटो, अलेक्झांडर आणि शाळेत छळणारा युक्लिड. तेथे एकदम पडदा पडतो. तो पुन्हा वर जातो तो थेट विमानाने अथेन्सला उतरल्यावर! मधली बावीस-तेवीस शतके जणू कोणी जगलेच नाही. आज मला सांगावयाचे आहे ते या मधल्या शतकांविषयी. कारण तेथला आजचा माणूस कळतो तो तेवढ्यातूनच.

प्रथम अॅक्रोपोलिस. ते चुकवून कसे चालेल? इ. स. पूर्व 447 ते 432 या काळात उभारलेले पार्थेनॉनचे मंदिर अथेन्सच्या टेकडीवर आजही उभे आहे. पाहणाऱ्याला वाटते की, काळानेच ते असे खंगवले. वस्तुतः दोन हजार वर्षे ते बऱ्याच अंशी शाबूत होते. अथीना देवीचे मंदिर पुढे ख्रिस्ती चर्च झाले, तुर्कांच्या अमलात मशीद झाले. वापरात होते म्हणून टिकून होते. 1687 साली व्हेनिसच्या सैन्याने शहराला वेढा घातला, तेव्हा तुर्कांनी आत दारूगोळा साठविला होता. त्यावर तोफेचा गोळा पडला आणि मंदिराचा मधला भाग उडाला. त्यानंतर 1801 पासून लॉर्ड एल्गिन या इंग्रज वकिलाच्या माणसांनी उरलेल्या शिल्पांपैकी बरीचशी काढून विलायतेस नेली. 1816 साली ती ब्रिटिश म्युझियमसाठी विकत घेण्यात आली. ती परत मिळावीत म्हणून मेलिना मेर्कूरी या मंत्रीणबाईंनी 1982 साली युनेस्कोच्या परिषदेत मागणी केली. 2009 साली टेकडीच्या पायथ्याशी नवे संग्रहालय उघडले. तेथे अस्सल शिल्पे मधासारख्या रंगाची आहेत, आणि जी लंडनला आहेत त्यांच्या जागी पांढरेफटक प्लास्टरचे साचे बसविले आहेत. एकही शब्द न बोलता केलेली ही तक्रार आहे.

परंतु या कथेचा दुसरा अर्धा भाग वाटाड्ये फारसा सांगत नाहीत. 1821 साली ग्रीकांनी तुर्कांविरुद्ध उठाव केला. 1830 साली त्यांचे राज्य स्वतंत्र म्हणून मान्य झाले. 1834 साली अथेन्स राजधानी झाली. त्या वेळी ते काही हजार वस्तीचे लहानसे गाव होते. नव्या राज्याने प्रथम जी कामे हाती घेतली, त्यांत अॅक्रोपोलिस 'शुद्ध' करणे हे एक होते. पार्थेनॉनच्या आतली मशीद गेली. टेकडीवरची तुर्की घरे गेली. मध्ययुगात बांधलेला उंच बुरूज 1875 साली पाडला. पेरिक्लीजच्या काळाखेरीज दुसरा कोणताही काळ टेकडीवर दिसू नये, असा तो खटाटोप होता. तेव्हा मधली पाने केवळ आपण वाचली नाहीत असे नव्हे. त्यांनी स्वतःच ती फाडून टाकण्याचा प्रयत्न केला. परकी सत्ता गेल्यावर आपला खरा वारसा कोणता, हा प्रश्न ज्या ज्या देशापुढे उभा राहिला, त्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

दगडांतून पाने फाडता येतात. भाषेतून फाडणे कठीण. तोही प्रयत्न झाला. बोलीत तुर्की, इटालियन शब्द शिरले होते. म्हणून पंडितांनी प्राचीन वळणाची एक 'शुद्ध' भाषा घडविली. कायदे, न्यायालये आणि शिक्षण यांत तिचा अंमल सुरू झाला. घरात, बाजारात लोक आपली बोलीच बोलत. भाकरी घ्यावयास निघालेला माणूस तोंडाने 'प्सोमी' म्हणे आणि दुकानाच्या पाटीवर मात्र 'आर्तोस' या जुन्या शब्दापासून बनलेले नाव वाची. तसल्या पाट्या आजही दिसतात. हा वाद केवळ पंडिती नव्हता. 1901 साली बायबलातील शुभवर्तमानाचे बोलीतले भाषांतर वर्तमानपत्रात छापले गेले, तेव्हा अथेन्समध्ये दंगल होऊन आठ माणसे मेली आणि सरकार कोसळले. अखेर 1976 साली कायद्याने बोलीला राजभाषेचा मान मिळाला. आपल्याच आईची भाषा शाळेत चुकीची ठरावी, असे दीडशे वर्षे तेथल्या पोरांच्या वाट्याला आले.

आता जे सांगतो, ते फाटलेल्या पानांतले सर्वांत दुःखाचे पान आहे. समुद्राच्या पलीकडे, आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर, ग्रीक लोक हजारो वर्षे राहत होते. ज्या आयोनियावरून आपला 'यवन' शब्द आला, तो प्रदेश हाच. पहिल्या महायुद्धानंतर ग्रीक सैन्य तेथे उतरले, आतपर्यंत शिरले, आणि 1922 साली त्याचा संपूर्ण पराभव झाला. स्मर्ना शहर जळाले. 1923 साली लोझान येथे करार होऊन दोन्ही देशांनी माणसांची अदलाबदल केली. सुमारे बारा लाख ख्रिस्ती ग्रीसमध्ये आले आणि साडेतीन-चार लाख मुसलमान तुर्कस्तानात गेले. ग्रीक कोण आणि तुर्क कोण, हे ठरविले धर्मावरून. त्यामुळे ज्यांना तुर्कीशिवाय भाषा येत नव्हती असे ख्रिस्ती 'मायदेशी' आले, आणि ग्रीक बोलणारे क्रीट बेटावरचे मुसलमान आपल्या 'मायदेशी' रवाना झाले! दोघेही गेले तेथे परके ठरले. 1947 ची फाळणी सोसलेल्या देशातील श्रोत्यांना याहून अधिक काय सांगू?

सुमारे पन्नास लाख वस्तीच्या देशात बारा लाख निर्वासित शिरले, तेव्हा त्या देशाचा चेहराच बदलला. अथेन्समध्ये निआ स्मिर्नी, निआ इओनिया अशी उपनगरे आहेत. 'निआ' म्हणजे नवी. हरवलेल्या गावांची नावे लोकांनी नव्या वस्तीला दिली. निर्वासितांच्या वस्त्यांतून आणि बंदरांच्या गुत्त्यांतून 'रेबेतिको' नावाचे गाणे फुलले. सभ्य समाजाने त्याला पौर्वात्य म्हणून नाक मुरडले, आणि आज तेच ग्रीसचे गाणे म्हणून मिरविते.

तेव्हा ग्रीस पाहावयाचा तो स्वयंपाकघरात आणि कॉफीच्या दुकानातही. तेथली कॉफी लांब दांड्याच्या लहान भांड्यात उकळतात. साखर आधीच घालतात, म्हणून मागतानाच कडू, मध्यम की गोड ते सांगावे लागते. तळाशी गाळ बसेपर्यंत थांबायचे आणि घुटक्याघुटक्याने तासभर प्यायची. हिला पूर्वी सर्रास तुर्की कॉफी म्हणत. 1974 साली सायप्रसवर तुर्की सैन्य उतरले, त्यानंतर तिचे नाव पक्के ग्रीक कॉफी झाले. भांडे तेच, चव तीच. नावात केवढा इतिहास!

दोन गोष्टी मात्र जाणाऱ्याने ध्यानात ठेवाव्यात. पिरियसच्या धक्क्यावर एका बोटीकडे बोट दाखवून मी खलाशाला विचारले, 'ईजिना?' तो म्हणाला, 'ने, ने.' मराठी कानाला ते 'नाय, नाय' असे ऐकू आले. मी शहाण्यासारखा दुसरी बोट शोधीत बसलो आणि ती बोट डोळ्यांदेखत ईजिना बेटाकडे निघून गेली. ग्रीक भाषेत 'ने' म्हणजे होय! नाही म्हणावयाचे तर 'ओही' म्हणतात. पुष्कळदा तेवढेही नाही. भुवया उंचावून मान किंचित मागे टाकतात, की झाले. दुसरी गोष्ट अशी की, पाचही बोटे पसरून तळहात कोणाच्या तोंडासमोर धरू नये. आपल्याकडे तो आशीर्वाद; तेथे ती घोर शिवी. गुन्हेगाराच्या तोंडाला राख फासण्याच्या जुन्या शिक्षेतून ती आली, असे सांगतात.

या लोकांचा सर्वांत मोठा सण म्हणजे ईस्टर. शनिवारी मध्यरात्री चर्चमधले सारे दिवे मालवतात. मग धर्मगुरू एक ज्योत घेऊन बाहेर येतो आणि मेणबत्तीवरून मेणबत्ती पेटत सारे अंगण उजळते. ती ज्योत जपून घरी नेतात आणि तिच्या काजळीने दारावर क्रूस काढतात. एरवी देवाधर्माची चेष्टा करणारा माणूसही त्या रात्री गर्दीत उभा असतो. याचे कारण श्रद्धा एवढेच नव्हे. तुर्कांच्या सुमारे चारशे वर्षांच्या अमलात राज्य नव्हते. लोकांना एकत्र धरून ठेवणारी मोठी संस्था चर्च हीच होती. आणखी एक गोष्ट आपल्या मनाला सुखावणारी. तेथे घराच्या पायरीवर आपल्या तुळशीच्या गोत्रातल्या रोपाची कुंडी असते. त्याचे नाव 'वासिलिकोस', म्हणजे राजस. धर्मगुरू त्याच्याच जुडीने तीर्थ शिंपडतो.

ग्रीक भाषेत परका आणि पाहुणा या दोहोंना मुळात एकच शब्द आहे, 'क्सेनोस'. 2015 साली या शब्दाची कसोटी लागली. त्या एका वर्षात आठ लाखांहून अधिक निर्वासित समुद्रमार्गे ग्रीसच्या बेटांवर उतरले. देश स्वतः 2010 पासून कर्जाच्या चरकात सापडला होता. 2013 साली काम करू पाहणाऱ्या दर शंभरांतले सत्तावीस लोक बेकार होते. तरी लेस्बोस बेटावरचे कोळी पाण्यात उतरून परक्यांची मुले खांद्यावर घेत होते. त्यांतल्या कित्येकांचे आजे 1922 साली त्याच समुद्रातून तसेच आले होते. चित्राची दुसरी बाजूही लपवू नये. पुढे गर्दी वाढली, कटुता आली, आणि तेथली मोरिया छावणी 2020 साली जळून खाक झाली. पाहुणचारालाही सीमा असते, आणि गरीब यजमानाला ती लवकर गाठावी लागते. पण आधी हात पुढे झाला, हे विसरून चालणार नाही.

श्रोतेहो, ग्रीसला जाल तर पार्थेनॉन अवश्य पाहा. पण संध्याकाळी एखाद्या साध्या दुकानात मध्यम गोडीची कॉफी घेऊन बसा आणि शेजारच्या म्हाताऱ्याला पेरिक्लीजविषयी न विचारता, त्याचे आजोबा कोठून आले ते विचारा. पूर्वजांच्या थोरवीचे ओझे त्याच्या खांद्यावर जगाने ठेवले आहे. ते क्षणभर उतरवून तो स्वतःची गोष्ट सांगू लागेल. कार्ल्याला खांब देणाऱ्या यवनाला आपल्या पूर्वजांनी तरी कोठे सॉक्रेटिसविषयी विचारले असेल? त्यांनी त्याचे गाव विचारले, नाव विचारले, आणि दगडावर कोरून ठेवले. माणसाची ओळख करून घेण्याची हीच रीत आजही पुरेशी आहे.